तिसरी तार

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीतल्या लिफ्टवाल्याच्या कमरपट्ट्याला एक पितळी कडी होती आणि त्या कडीत कायम तीन लाल तारा लटकलेल्या असत. वीत-दीड वीत लांबीच्या, दोन्ही टोकांना दातेरी चिमटे. इमारतीतल्या पोरांना तो दागिना वाटे. त्याच्या घरात मात्र सगळ्यांना ठाऊक होतं की या तारांच्या जिवावर दुरुस्ती चालते आणि याच तारा एखाद्याच्या जिवावर उठू शकतात.

लिफ्टची एक चांगली सवय असते. कुठल्याही मजल्यावरचं एखादं दार बोटभर जरी उघडं राहिलं, तरी ती जागची हलत नाही. लोक वैतागतात, "अडली मेली पुन्हा" म्हणून बटणांवर बुक्क्या मारतात, पण तिचं अडणं हेच तिचं शहाणपण. दुरुस्तीच्या वेळी मात्र दार उघडं ठेवूनही तिला वर-खाली न्यावं लागतं. मग गच्चीवरच्या मशीनरूममध्ये ही लाल तार दोन टोकांना जोडायची, की लिफ्टला वाटतं सगळी दारं बंद आहेत. थोडक्यात, ती तार म्हणजे लिफ्टला मारलेली थाप. काम संपलं की ती काढून परत कडीत घालायची.

कंपनीचा नियम होता की कामाला दोघांनी जायचं आणि निघताना एकाने दुसऱ्याच्या तारा मोजायच्या. आपल्या आपण नाही, दुसऱ्याने. पहिली काही वर्षं लिफ्टवाला आणि त्याचा जोडीदार जिन्यात उभे राहून, एकमेकांच्या कमरेला हात लावून, पोरींच्या खेळासारखं "एक, दोन, तीन" करत. पुढे ते बंद पडलं. त्याला कारण घराचं कर्ज.

सहाव्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर त्याने वीस वर्षांच्या कर्जावर घेतलं होतं. सहावा मजला घेतला कारण तो स्वस्त होता, आणि वडिलांचे गुडघे गेलेले असले तरी इमारतीला लिफ्ट होती. वडिलांना सगळे नाना म्हणत. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, जिभेनेही तसाच बारीक आणि टोचरा. लिफ्टला मात्र घाबरायचे. पहिल्याच आठवड्यात मुलाने त्यांना हाताला धरून शिकवलं.

"नाना, घाबरायचं काही नाही. दार उघडं असलं म्हणजे लिफ्ट समोर उभी आहेच, असं समजायचं. ती नसेल तर दार उघडणारच नाही."

"आणि उघडलं तर?"

"तर माझी नोकरी गेली समजा," असं म्हणून तो हसला होता.

नानांच्या चाकांच्या वॉकरची पुढची चाकं लिफ्टच्या उंबऱ्याच्या फटीत अडकत, म्हणून पाठमोरं आत शिरायचं आणि वॉकर मागाहून ओढून घ्यायचा, हेही त्यानेच शिकवलं. म्हातारा आज्ञाधारक निघाला. रोज संध्याकाळी ठीक साडेपाचला पाठमोरा लिफ्टमध्ये शिरे आणि फाटकाजवळच्या बाकावर जाऊन बसे. साडेपाच म्हणजे साडेपाच. वॉचमन त्यांच्यावर आपलं घड्याळ लावून घेत असे.

लिफ्टवाल्याची बायको घरी पडदे शिवायची. कर्ज मिळालं त्या दिवशी तिने पडद्याच्या उरलेल्या कापडाची लांबच लांब पट्टी काढली आणि तिच्यावर दोनशे चाळीस बटणं शिवली. एक हप्ता, एक बटण. दर महिन्याला एक बटण कापायचं आणि ते पोरीच्या बरणीत जायचं. पुढे बँकेतल्या बाईंनी सांगितलं की जास्तीचे पैसे मुद्दलात भरलेत तर शेवटचे हप्ते आपोआप गळतात. तेव्हापासून पट्टी दोन्ही टोकांनी कापली जाऊ लागली आणि लिफ्टवाल्याला जणू चटकच लागली. बोनस आला, काप बटणं. जुनी मोटारसायकल विकली, काप बटणं.

बायकोने एकच अट घातली होती. "लवकर फेडा, माझी ना नाही. पण रविवार विकायचा नाही. आत्ता ही पोर दोन वर्षांची आहे. कर्ज फिटल्यावर तुम्ही मोकळे व्हाल तेव्हा ती आपल्या मैत्रिणींबरोबर जाईल, आणि नाना असतील-नसतील."

अट त्याने मनापासून मान्य केली. घरात नियमच झाला. रविवारी सकाळी सगळे फोन बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात जात आणि रात्रीच्या जेवणापर्यंत डबा उघडायचा नाही. डब्याची राखणदार पोरगी. तिला सगळे खारू म्हणत, कारण ती खारीसारखी सगळं गोळा करून ठेवी. बापाच्या कंपनीचा फोन वाजून वाजून डब्यात थडथड उडाला, तरी खारू ढिम्म हलत नसे. मग चौघं बस धरून गावाबाहेरच्या तळ्यावर जात. ब्रेड, उकडलेली अंडी, केळी आणि थर्मासभर चहा. चादर अंथरली की वारा ती उडवी, म्हणून खारू बापाच्या पट्ट्यावरच्या तिन्ही तारा मागून घेई आणि त्यांच्या चिमट्यांनी चादरीचे तीन कोपरे गवताला पकडून टाकी. चौथ्या कोपऱ्यावर नानांचे बूट. लिफ्टवाल्याला अख्ख्या आठवड्यात खरं सुख होतं ते एवढंच, आणि ते त्याला कळतही होतं.

पण रविवार विकायचा नाही म्हटल्यावर बाकीचे सहा दिवस जास्त पिळावे लागले. जोडीदाराची आणि त्याची खाजगीत बोलणी झाली. दोघांनी मिळून दिवसाला पाच इमारती करण्याऐवजी लिफ्टवाल्याने एकट्यानेच पाच करायच्या आणि जोडीदाराने दुसरीकडे पाच. वहीत दोघांच्या सह्या दोन्हीकडे. जादा कामाचा भत्ता निम्मा-निम्मा. तारा मोजायला दुसरा माणूसच उरला नाही. "आपली कमर, आपल्या तारा, मोजायला मुनीम कशाला?" असं जोडीदार म्हणाला आणि तेव्हा दोघंही हसले.

शिवाय स्वतःच्या इमारतीची लिफ्ट तो फुकटात बघायचा. बदल्यात सेक्रेटरींनी त्याची देखभाल-वर्गणी माफ केली होती. तेही पैसे मुद्दलात. हे काम कंपनीच्या वहीत नव्हतं, कुठल्याच यादीत नव्हतं. वीस वर्षांचं कर्ज नवव्या वर्षात आलं तेव्हा पट्टीवर दोन बटणं उरली होती. दोनच. बायकोने पट्टी खिडकीशी टांगली होती आणि येता-जाता सगळे तिच्याकडे बघून उगाच हसत.

त्या शनिवारी सकाळी साडेसहाला सेक्रेटरी दारात. "अहो, तुमच्याच मजल्यावरचं दार नीट लागत नाही. दोन बोटं उघडं राहतं आणि लिफ्ट वर अडकून बसते. काल मला सामान घेऊन सहा मजले चढायला लावलंत."

लिफ्टवाला दात घासता घासता गच्चीवर गेला. तार लावली. लिफ्ट वर-खाली करून पाहिली. दाराच्या बिजागरीत तेल सोडलं, स्प्रिंग दोन आटे आवळली. तेवढ्यात खाली कंपनीच्या गाडीने हॉर्न दिला. पाच इमारती होत्या, आणि दुसऱ्या दिवशी रविवार होता. तो धावत जिना उतरला. दिवसभर त्याने हातासरशी कामं उरकली. एका कामाला एक किंवा दोन तारा लागतात, तिसरीची गरज पडली नाही.

रविवारी सकाळी चौघं लिफ्टने खाली उतरले. नाना पाठमोरे शिरले, खारूने शून्याचं बटण दाबलं.

"बाबा, आज अडकलीच नाही!"

"कसली अडकतेय? काल तुझ्या बापाने हात फिरवलाय तिच्यावरून," तो म्हणाला. सेक्रेटरींनीही फाटकात अंगठा वर करून दाखवला. लिफ्टवाल्याला बरं वाटलं.

तळ्यावर पोचायला साडेअकरा वाजले. बायकोने चादर झटकली, वाऱ्याने ती तिच्याच तोंडावर मारली, नाना खुदकन हसले. खारूने सवयीने बापाच्या कमरेला हात घातला.

"बाबा, दोनच आहेत."

"तीन आहेत गं, नीट बघ."

"बघितलं. दोनच."

त्याने स्वतः कडी चाचपली. मग पट्टा काढून पाहिला, खिसे उलटे केले, थर्मासची पिशवीसुद्धा झाडली. खारूने तिसऱ्या कोपऱ्यावर दगड ठेवला आणि ती पाण्याकडे पळाली. लिफ्टवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. कुठेतरी, कालच्या कुठल्यातरी इमारतीत, एक लिफ्ट दार उघडं टाकून हलायला मोकळी होती. आणि तिथल्या प्रत्येकाची हीच समजूत होती, की दार उघडं म्हणजे लिफ्ट उभी.

कंपनीला कळवलं असतं तर अर्ध्या तासात सगळ्या लिफ्ट बंद झाल्या असत्या. पण मग विचारलं असतं, तारा कुणी मोजल्या? जोडीदार कुठे होता? ही त्याची सही कुणी केली? दोघांची नोकरी गेली असती, दोन बटणं पट्टीवर असताना. आणि कळवायला फोन तरी कुठे होता? तो घरी डब्यात. मग त्याने जे केलं त्याबद्दल त्याला पुढे जन्मभर स्वतःची शिसारी आली. तो खाली बसला आणि अंडं सोलू लागला. कदाचित घरीच पडली असेल. कदाचित कंपनीच्या गाडीत. आज रविवार आहे, घरचे खुशीत आहेत. पाऊण तास तो हसत राहिला, खारूला पाण्यात दगड फेकून दाखवत राहिला. सोललेलं अंडं मात्र तसंच चादरीवर राहिलं.

"काय झालंय तुम्हाला?" बायकोने शेवटी विचारलंच.

"अगं, कालचं एक काम अर्धवट राहिलंय. जाऊन बघून येतो. तुम्ही चारच्या बसने घरी जा."

"रविवार आहे."

"माहीत आहे गं."

तिने थर्मासचं झाकण घट्ट लावलं. नऊ वर्षांत त्याने रविवार पहिल्यांदाच मोडला होता. नाना त्याच्या कमरेकडे पाहत होते.

रविवारच्या बसगाड्या म्हणजे आनंदच. पहिल्या इमारतीला पोचायलाच दोन वाजले. गच्चीची किल्ली ज्याच्याकडे तो झोपलेला, त्याला उठवून वर गेला. तार नव्हती. दुसरी इमारत डॉक्टरांची, तिथे प्लास्टर बांधलेल्या एका बाईला लिफ्टमध्ये चढताना पाहून त्याने जिन्याचा रस्ता धरला. वर धावला. नव्हती. तिसरीत नव्हती. प्रत्येक गच्चीवर पोचेपर्यंत त्याला वाटे की इथेच असू दे, आणि तार नाही हे दिसलं की हायसं वाटण्याऐवजी भीती एका मजल्याने वर चढे. वहीतलं पान त्याने हातात धरलं होतं. पाच नावं. तीन खोडली.

चौथ्या इमारतीत शिरला तेव्हा पाचला पंधरा मिनिटं कमी होती. तळमजल्यावर एक म्हातारे गृहस्थ लिफ्टच्या दारावर हात आपटत होते. "अडकली! कुणीतरी वर दार उघडं टाकलंय. काय हा वैताग!"

"अडकली?" लिफ्टवाल्याला त्यांना मिठी मारावीशी वाटली. अडकली म्हणजे ठीक आहे. अडकली म्हणजे तार इथे नाही. जी लिफ्ट अडते ती शहाणी.

आणि तो तिथेच थिजला. बाबा, आज अडकलीच नाही.

हातातल्या पानावर पाच नावं होती. सहावं नव्हतं, कारण ते काम नव्हतंच, ती तर वर्गणीची सूट होती. शनिवारी सकाळी, साडेसहाला, दात घासता घासता लावलेली तार. स्प्रिंग त्याने आवळली होती, पण दार पूर्ण लागतं का हे नंतर बघितलंच नव्हतं. तार असताना ते कळणारही नव्हतं.

त्याने तिथल्या वॉचमनचा फोन मागून घेतला आणि बायकोचा नंबर लावला. रिंग वाजली, वाजत राहिली. त्याच्या डोळ्यांसमोर तो पत्र्याचा डबा आला. घरी पोचलेही असतील आता. खारू डब्यावर हात ठेवून बसली असेल आणि आईला सांगत असेल, रात्रीच्या जेवणापर्यंत नाही. त्याने चारदा फोन लावला. मग आठवलं, सेक्रेटरींचा नंबर त्याच्या फोनमध्ये आहे, डोक्यात नाही. पाच वाजून गेले होते. साडेपाचला नाना खाली जातात.

टॅक्सीवाल्याला त्याने खिशातले होते नव्हते तेवढे सगळे पैसे आधीच काढून दिले. नानांनीच दुरुस्त केलेलं मनगटी घड्याळ तो सारखं बघत होता. ते चुकणारं घड्याळ नव्हतं. फाटकाशी उतरला तेव्हा साडेपाचला तीन मिनिटं कमी होती. बाक रिकामा होता. लिफ्ट तळमजल्यावर उभी, आणि सेक्रेटरी तिच्यात सामानाच्या पिशव्या ठेवत होते.

"झकास चालतेय हो! बटण दाबलं की हजर."

"वरून बोलावलीत?"

"मग? सहाव्यावरून आली."

लिफ्टवाला जिन्याला लागला. "नाना!" अशी हाक त्याने दुसऱ्या मजल्यापासून मारायला सुरुवात केली, पण दम लागून आवाजच फुटेना. चौथ्यावर पाय घसरून नडगी फुटली. पाचव्याच्या वळणावर त्याला वॉकरच्या चाकांची कुरकुर ऐकू आली.

सहाव्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडं होतं. त्याच्यामागे काळोख होता. नाना दाराकडे पाठ करून उभे होते, शिकवल्याप्रमाणे, दोन्ही हात वॉकरवर, आणि उजवा पाय मागे उचललेला.

त्याने झेप घेऊन वॉकर धरला आणि आपल्याकडे ओढला. नाना वॉकरसकट त्याच्या अंगावर कोसळले. उजव्या पायातली चप्पल मागे निसटली. ती पडल्याचा आवाज यायला फार वेळ लागला.

दोघं जमिनीवर तसेच पडून होते. नानांचं काळीज त्याच्या छातीवर धडधडत होतं. मग नानांनी मान वळवून त्या दाराकडे पाहिलं.

"दार उघडं होतं," ते म्हणाले.

"हो नाना."

"म्हणून गेलो मी."

लिफ्टवाला रडू लागला. लहानपणी घड्याळाची काच फोडली होती तेव्हा रडला होता, तसा. खाली लिफ्ट हलल्याची घरघर झाली. त्याने आधी दार लोटून घट्ट लावलं, मग गच्चीवर जाऊन तार काढली. परत आला तेव्हा नाना पायरीवर बसले होते, एक पाय अनवाणी.

"मोजतं कोण या?" त्यांनी तारेकडे बोट केलं.

"मीच."

"आमच्या दुकानात घड्याळाचं झाकण लावायच्या आधी उरलेले स्क्रू समोरचा मोजायचा. आपले आपण मोजले की नेहमी बरोबर भरतात."

"नाना, कंपनीत कळलं तर... दोनच राहिलीत. दोन बटणं."

नानांनी मुलाच्या तोंडाकडे पाहिलं. ते भिंत धरून उठले आणि घरात गेले. बायकोला सांगितलं की चप्पल फटीतून पडली. तिने विश्वास ठेवला की नाही कुणास ठाऊक, पण रात्री खारूने डबा उघडला आणि "आई, तुला अनोळखी नंबरवरून चार फोन!" म्हणून ओरडली, तेव्हा बायको नवऱ्याच्या फुटलेल्या नडगीकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला. एकट्याने पाच इमारती. नंतरचे दोन महिने तेच. दर मशीनरूममधून निघताना तारा तीन-तीनदा मोजायचा, जिना उतरून पुन्हा वर जाऊन बघायचा. पण काम तसंच चालू ठेवलं. मी त्याला वाईट माणूस म्हणणार नाही. दोन बटणांवर आलेला माणूस होता तो.

नाना मात्र त्या दिवसानंतर लिफ्टमध्ये चढले नाहीत. भांडण नाही, टोमणा नाही. सोमवारी साडेपाचला ते वॉकर घरातच ठेवून कठडा धरून निघाले आणि एकेक पायरी करत खाली पोचले तेव्हा सव्वासहा झाले होते. वॉचमनने घड्याळ काढून कानाला लावलं. तिसऱ्या आठवड्यात गुडघे सुजले आणि बाकावर जाणंही थांबलं. रविवारी तळ्यावर जाताना ते म्हणत, "तुम्ही जा रे, मला झोप येतेय." चादरीच्या चौथ्या कोपऱ्यावर आता दगड असे. लिफ्टवाला दाराची नवी स्प्रिंग, नवं कुलूप, सगळं दाखवायचा. "नाना, बघा तरी, स्वतः ओढून बघा." नाना मान डोलवायचे आणि जागचे हलायचे नाहीत.

शेवटचं बटण एका गुरुवारी कापलं. घराचे मूळ कागद जाड लिफाफ्यातून बँकेतून आले. बायकोने हात पुसून कागद उघडले, खारूने बरणी हलवून दोनशे चाळीस बटणं खळखळवली. अकरा वर्षं आधी फिटलं होतं कर्ज. लिफ्टवाला कामावरून तसाच, पट्ट्यासकट, नानांच्या खाटेशी गेला आणि लिफाफा त्यांच्या पुढे धरला.

"नाना, घर आपलं झालं."

नानांनी लिफाफा घेतला, उशीशेजारी ठेवला. उघडला नाही.

"तारा किती?" त्यांनी विचारलं.

"तीन."

नाना थोडे पुढे सरकले. त्यांनी हात मुलाच्या कमरेला लावला, कडी स्वतःकडे ओढली आणि बोटाने एकेक तार बाजूला करत मोजायला सुरुवात केली. लिफ्टवाला हात वर धरून उभा राहिला. तिसऱ्या तारेला बोट लागेपर्यंत त्याने श्वास सोडला नाही.